सहाचे बारा

एखाद्या गोष्टीचे 'बारा वाजले' असे आपण म्हणतो, तेव्हा ती गोष्ट पुरती बिघडली, असा त्याचा अर्थ सर्वत्र समजला जातो. आमच्या घरी मात्र सहाचे बारा झाले, आणि जे वर्षानुवर्षे बिघडलेले होते ते सुधारले. मध्यंतरी माझेच बारा वाजण्याची वेळ आली होती. ती हकीकत सांगावी की न सांगावी, असा पुष्कळ विचार करून शेवटी ती सांगण्याचेच मी ठरविले आहे. कारण याच शाळेच्या बाकावर बसून मी पदार्थविज्ञान शिकलो, आणि माझी चूक जे आज त्या बाकांवर बसतात त्यांच्याच उपयोगाची आहे.

आमचे गाव तापीच्या उत्तरेस, जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या शिवेलगत वसलेले आहे. १९०६ साली सरकारने जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. कागदावर रेघ पडली, परंतु माणसांचे व्यवहार काही दुभंगले नाहीत. आमचा बाजार चोपड्याचा, सोयरीक शिरपूरची. आणि यंत्राचा एखादा सुटा भाग हवा असला, तर जळगाव किंवा धुळे, ज्या गावची एस.टी. आधी मिळेल त्या गावी धाव घ्यावयाची, असा आमचा शिरस्ता आहे.

आमच्या गोठ्यालगतच्या छपरीत एक जुना ट्रॅक्टर उभा असतो. त्याचे नाव फोर्ड ८एन. हे यंत्र अमेरिकेत १९४७ पासून १९५२ पर्यंत तयार होत असे. आपल्या देशातील पहिला ट्रॅक्टर फरिदाबाद येथे १९५९ साली आयशर कंपनीने बाहेर काढला. त्यापूर्वीचे सारे ट्रॅक्टर साता समुद्रांपलीकडून आलेले. आमचाही तसाच. नाशिककडील एका बागाईतदाराने वापरून झालेला हा ट्रॅक्टर आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, ऐन तारुण्यात विकत घेतला. त्याचे पत्रे राखाडी आणि पोट तांबडे. राखाडी बैलास आमच्याकडे भुऱ्या म्हणतात, म्हणून आबांनी त्याचेही नाव भुऱ्या ठेविले. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागे, तेव्हा भुऱ्याच्या नाकाडावरही त्याचे एक बोट उमटे. नांगरटीचे जड काम पुढे नव्या ट्रॅक्टरांकडे गेले. तरी खताची गाडी ओढणे, केळीचे घड रस्त्यापर्यंत पोहोचविणे, अशी हलकी कामे भुऱ्या करीत आला.

परंतु त्यास एक जुनाट दुखणे होते. पौषातल्या गारठ्यात बटण दाबले की तो एकदा कण्हे, दुसऱ्यांदा उसासा टाकी, आणि तिसऱ्या खेपेस गप्प होई. मग घरातील सारी मंडळी, प्रसंगी शेजारचीही, त्यास ढकलीत उताराकडे नेत. त्याच्या दिव्यांचा उजेड तर असा, की समोरचा माणूस कंदील घेऊन आला तर त्यानेच आम्हांस वाट दाखवावी. गावातील प्रत्येक जाणत्याने या दुखण्याचे एकच निदान केले होते : "ह्याची बॅटरी सहा व्होल्टची. सहा व्होल्टात काय जीव असतो? बारा करा." हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलो होतो. ते इतक्यांच्या तोंडून ऐकले होते, की ते खरे आहे की नाही हे तपासण्याचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता.

काही वर्षांपूर्वीच्या पौषात एके सकाळी केळीचा माल भरावयाचा होता आणि भुऱ्या हटून बसला. त्यास ढकलता ढकलता वडिलांचा पाय मुरगळला. वडील, ज्यांस आम्ही नाना म्हणतो, रागीट नाहीत, परंतु त्या दिवशी ते ओसरीवर बसून शांतपणे म्हणाले, "आखाजीला सालदारांचा हिशेब होतो. यंदा ह्याचाही करून टाकू. भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला आहे."

खानदेशाबाहेरील वाचकांस सांगितले पाहिजे, की अक्षय्य तृतीयेस आम्ही आखाजी म्हणतो, आणि सालदाराचे वर्ष त्या दिवशी पुरे होते. ज्याचे काम पटले त्याचा साल पुढे चालू राहतो, ज्याचे पटले नाही त्याने दुसरे घर पाहावे. आबा खाटेवर पडून होते. पंच्याऐंशीच्या घरात गेलेला तो माणूस काहीच बोलला नाही. त्यांनी केवळ कूस बदलली व भिंतीकडे तोंड केले. ते मला पाहवले नाही. "नाना, आखाजीपर्यंत मुदत द्या. एका बटणात सुरू झाला तर ठेवायचा, नाही तर तुमच्या मनाप्रमाणे," असे मी बोलून गेलो. नानांनी मान डोलावली.

दुसऱ्याच आठवड्यात मी जळगावास गेलो. बारा व्होल्टची बॅटरी घेतली, आणि जुन्या डायनामोच्या जागी बसविण्यासाठी मोटारगाडीचा एक वापरलेला अल्टरनेटर एका दुकानदाराकडून विकत घेतला. दुकानदार वयस्क होते. त्यांनी तो माझ्यासमोर फिरवून, मीटर लावून दाखविला आणि विचारले, "गाडी कोणती? अर्थिंग कुठले?" मी घाईने म्हणालो, "ते मी बघतो, काका." घरी येऊन लोखंडी पट्ट्या ठोकून अल्टरनेटर जागेवर बसविला, पट्टा चढविला, आणि जुनी बॅटरी जशी जोडलेली होती तशीच नवी जोडली. शेवटची तार टेकविताच फर्रकन ठिणगी उडाली, तारेवरील रबर वितळले, आणि जळक्या वासाचा धूर छपरीभर पसरला. पाच-सात क्षणांत अल्टरनेटर निकामी झाला.

कारण अगदी साधे होते. या ट्रॅक्टरात बॅटरीचे धन टोक लोखंडी अंगास जोडलेले असते. उलट आजच्या बहुतेक सर्व मोटारगाड्यांत ऋण टोक अंगास जोडतात. अल्टरनेटरच्या पोटात डायोड नावाच्या झडपा असतात. विजेला त्या एकाच दिशेने वाट देतात. बॅटरी उलटी जोडली, की त्या झडपा सताड उघड्या पडतात, आणि बॅटरीतील सारा प्रवाह त्यांतून धो धो वाहून त्यांस जाळून टाकतो. दुकानदारांनी नेमके तेच विचारले होते, आणि मी नेमके तेच ऐकले नव्हते.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. घरी कोणी विचारले तेव्हा मी म्हणालो, "मालच खराब निघाला." एवढ्यावर मी थांबलो नाही. तो जळका अल्टरनेटर पिशवीत घालून पुन्हा जळगावास गेलो आणि दुकानदारांसही तेच सांगितले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि एक शब्दही न बोलता अर्धे पैसे माझ्या हातावर ठेविले. येताना एस.टी.त खिडकीपाशी जागा मिळाली होती. परंतु बाहेरचे काहीही मला दिसले नाही.

माझे मामा भुसावळच्या विद्युत इंजिनांच्या शेडमधून निवृत्त झालेले. ते आबांच्या समाचारास आले असता मी त्यांस छपरीत नेले. मला वाटले होते, मामा लगेच पाना हाती घेतील. त्यांनी प्रथम चष्मा पुसला, मग भुऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि आमच्या अहिराणी बोलीत एवढेच म्हणाले, "आधी देख, मंग कर."

त्यांनी जुनी सहा व्होल्टची बॅटरी भारून आणविली व पुन्हा जोडावयास लाविली. नंतर मला मीटर हाती देऊन ते बटणापाशी उभे राहिले. बॅटरी स्वस्थ असता तिच्या टोकांवर सहाहून किंचित अधिक व्होल्ट भरले. स्टार्टर फिरत असताना तेथेच साडेपाचच्या आतबाहेर. येथवर ठीक. मग मामा म्हणाले, "आता स्टार्टरच्या खिळ्यावर आणि त्याच्याच अंगावर मीटर टेकव." तेथे चारही भरले नाहीत! बॅटरीतून निघालेले जवळजवळ दीड व्होल्ट चार हातांच्या वाटेत कोठे गडप झाले होते.

"ओहमचा नियम येतो ना?" मामांनी विचारले. येत होता. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने तो १८२७ साली प्रसिद्ध केला, हेदेखील मला पाठ होते. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळाले होते. परंतु तो नियम आमच्या छपरीत राहतो, हे मला ठाऊक नव्हते.

मामांनी मग जी उपमा दिली ती आपणा शेतकऱ्यांच्या मुलांस सहज कळण्याजोगी आहे. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, आणि अँपिअर म्हणजे पाटातून वाहणारे पाणी. टाकी फार उंच नसेल, तर पाट रुंद आणि स्वच्छ हवा; पाट अरुंद असला किंवा त्यात गाळ साचला, तर पाणी वाफ्यापर्यंत पोहोचतच नाही. स्टार्टरला क्षणभर शेदोनशे अँपिअर लागतात. एवढ्या प्रवाहाला सहा व्होल्टच्या यंत्रात अंगठ्याएवढी जाड तार हवी असते. अमेरिकेहून आली ती तार तशीच जाड असली पाहिजे. पण मध्ये केव्हातरी कोणी दुरुस्ती करताना बारा व्होल्टच्या मोटारगाडीची करंगळीएवढी केबल तिच्या जागी घातली होती. भरीस भर म्हणून अंगास जोडणाऱ्या पट्टीखाली रंग आणि गंज यांचा जाड थर बसला होता.

आम्ही ती केबल काढली. धुळ्याहून तांब्याची जाड केबल आणून तिच्या टोकांस थिंबल पक्के दाबून घेतले. प्रत्येक जोड काचकागदाने घासून तांबे लखलखेपर्यंत स्वच्छ केला. दुसऱ्या दिवशी पहाटे गारठा पडला होता. मामांच्या सांगण्यावरून मी बटण दाबले. भुऱ्या एकदा कण्हला, आणि दुसऱ्या क्षणी धडधडत सुरू झाला. बॅटरी तीच जुनी सहा व्होल्टची!

मी थक्क होऊन उभा राहिलो. इतकी वर्षे सारा गाव ज्या सहा व्होल्टना बोल लावीत होता, ते बिचारे निर्दोष होते. अपराध एका बारीक तारेचा आणि मूठभर गंजाचा. नेमके त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे जळगावचे ते दुकान आणि माझ्या हातावर मुकाट्याने पैसे ठेवणारा तो हात उभा राहिला.

"मग आता बारा करायचे कशाला?" मी विचारले. मामा हसले. "चुकीच्या कारणासाठी केले असते, ते आता बरोबर कारणासाठी करू." कारणे त्यांनी बोटांवर मोजून दाखविली. सहा व्होल्टची जाड बॅटरी आता आपल्याकडील बाजारात सहजी मिळत नाही. मागवावी लागते आणि वाट पाहावी लागते. जुन्या डायनामोचे बुश व कार्बन झिजलेले होते, आणि इंजिन हळू चालत असता तो बॅटरीस काहीच देत नसे. शिवाय दिव्यांचा प्रश्न होताच.

त्यांनी जमिनीवर काडीने हिशेब मांडला. छत्तीस वॉटचा दिवा सहा व्होल्टवर सहा अँपिअर ओढतो. तेवढाच दिवा बारा व्होल्टवर तीनच ओढतो. तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह निम्मा झाला, की त्याच तारेतील नुकसान चौथाईवर येते. "हीच गोष्ट रेल्वेने केली," मामा म्हणाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टवर. पुढे आपल्या भुसावळकडील मार्गाला वीज आली, ती २५,००० व्होल्टची. व्होल्ट वाढले, प्रवाह घटला, तारा हलक्या झाल्या आणि वीज पुरविणारी केंद्रे दूर दूर ठेवता आली. कित्येक वर्षे इगतपुरीस एक वीज संपून दुसरी सुरू होई. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील जुनी १५०० व्होल्टची व्यवस्था २०१६ साली संपली. मामांनी आपले उभे आयुष्य या दोन विजांच्या सांध्यावर घालविले होते. तेच शास्त्र भुऱ्यासाठी पुरे होते.

मग आम्ही कामास लागलो. ज्यांच्या घरी असे जुने यंत्र असेल त्यांच्यासाठी क्रम थोडक्यात देतो. बॅटरीचे ऋण टोक अंगास व धन टोक स्टार्टरच्या बाजूस घेतले. ॲमीटरच्या दोन तारांची अदलाबदल केली, कारण दिशा उलटली की काटा भरण्याऐवजी रिकामे होणे दाखवू लागतो. ठिणगी पाडणारी कॉइल बारा व्होल्टची घातली आणि तिचे ऋण टोक डिस्ट्रिब्यूटरकडे केले. जुनी कॉइल बारावर तापून जळते. सर्व दिवे बदलले. अल्टरनेटरची चावीकडून येणारी तार एका लहान दिव्यातून घेतली. तसे न केल्यास चावी बंद केली तरी अल्टरनेटर त्याच वाटेने कॉइलला वीज पुरवितो आणि इंजिन थांबतच नाही. दिव्यांच्या वाटेवर फ्यूज घातला.

स्टार्टर मात्र तोच ठेविला. "पण दिशा उलटली, तर तो उलटा नाही का फिरणार?" मी शंका काढली. मामांस ही शंका फार आवडली. या मोटारीत स्थिर वेटोळी आणि फिरती वेटोळी यांतून एकच प्रवाह वाहतो. दिशा बदलली तर दोन्हींची एकदमच बदलते, आणि फिरणे पूर्वीच्याच दिशेने राहते. बारा व्होल्टवर तो अधिक जोमाने फिरतो, म्हणून बटण दोनचार क्षणांपेक्षा अधिक दाबून धरावयाचे नाही, एवढे पथ्य. इंजिन सुरू करून मीटर लाविला, तेव्हा बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट भरले. ते योग्यच होते.

येथे वाचकांस वाटेल, की दुसरा अल्टरनेटर आला कोठून? तेच सांगावयाचे आहे. मामांनी पहिल्याची चौकशी केली, तेव्हा मी त्यांस सारे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. काही वेळ हातांतील फडक्याने पाना पुसत राहिले आणि म्हणाले, "तारेवरचा गंज आपण घासून काढला. हा कोण काढणार?" दुसऱ्या दिवशी मी एकटाच जळगावास गेलो. दुकानदारांच्या पुढ्यात ते अर्धे पैसे ठेवून म्हणालो, "काका, माल चांगला होता. मीच बॅटरी उलटी जोडली आणि तुमच्यावर खोटा आळ घेतला." ते म्हणाले, "बाबा, जळलेले डायोड मी चाळीस वर्षे पाहतो आहे. उलट्या जोडणीने जळलेले मला वासावरून कळतात." "मग पैसे का दिलेत?" "तुला सांगायला लाज वाटत होती, ती दिसत होती. म्हटले, येईल कधीतरी." त्यांनी दुसरा अल्टरनेटर रोख किमतीत दिला, एक पैसाही कमी घेतला नाही, आणि त्याबद्दल मला मनापासून बरे वाटले. परतल्यावर नानांसही खरे सांगितले. त्यांनी इतकेच विचारले, "पैसे दिलेस ना परत?"

आखाजीचा दिवस उजाडला. घरात पुरणाचा व आमरसाचा घमघमाट सुटला होता. अंगणातल्या निंबाला माहेरवाशिणींचा झोका बांधला होता. सकाळी सालदारांचे हिशेब झाले. नंतर नाना उठले आणि काहीही न बोलता छपरीकडे गेले. आबांची खाट आम्ही दारापाशी आणली होती. नाना बैठकीवर चढले, गिअरची दांडी मोकळी आहे याची त्यांनी खात्री केली, आणि बटण दाबले. एकच दाब. भुऱ्या लगेच धडधडला. ऐन दुपारी त्यांनी दिवे लाविले. उन्हातही ते झळकले.

नाना खाली उतरले, हात पुसले आणि आबांकडे वळून म्हणाले, "आबा, ह्याचा साल वाढवला." आबांनी डोळे मिटले होते. ते झोपले आहेत असे आम्हांस वाटले. परंतु खाटेच्या कडेवर त्यांची बोटे इंजिनाच्या ठेक्यावर हलत होती.

पुढल्या वर्षी आबा गेले. भुऱ्या अजून आहे, आणि पौषातही एका बटणात सुरू होतो.

विद्यार्थी मित्रांनो, या खटाटोपात मी विजेविषयी जे शिकलो ते तुमच्या क्रमिक पुस्तकात अधिक नीटपणे सांगितलेले आहे. तथापि दोन गोष्टी मला पुस्तकाने शिकविल्या नाहीत. सर्व जण ज्यास दोष देतात त्यास दोष देण्यापूर्वी एकदा मीटर लावून पाहावे. दुखणे बहुधा दुसरीकडेच निघते. आणि ते दुखणे शोधता शोधता आपल्या स्वतःपाशी येऊन पोहोचले, तर मीटर बाजूस ठेवून पळून जाऊ नये. काचकागद घ्यावा, आणि तांबे दिसेपर्यंत घासावे.